मावशीला बेस ऐकू आला नाही : परभणीच्या एका कार्यक्रमाचं प्रकरण

परभणीचा कार्यक्रम संपला आणि मी वायरी गुंडाळत होतो. मावशी बायकांच्या बाजूनं स्टेजपाशी आली. ती सेलूहून खास माझ्यासाठी आली होती. म्हणाली, "चांगला झाला रे कार्यक्रम. पर तू काय वाजवायलास तेच कळंना गेलं. दिसायलास, ऐकू येईनास."

अडीच तास मी वाजवत होतो. दुसऱ्या अर्ध्यात तर अ‍ॅम्पचा आवाज पाऊण बटणाच्या पुढं नेला होता. तरी तीस-पस्तीस फुटांवर बसलेल्या माणसाला माझी बेस गिटार, म्हणजे खर्जातले स्वर देणारी गिटार, आहे की नाही हे कळत नसेल, तर बिघाड कुठंतरी आहेच.

मी वाळूजच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आम्हाला रिपोर्ट लिहावा लागतो. काय झालं, काय तपासलं, काय बदललं, आणि 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा. पहिल्या 'का'ला जे उत्तर मिळतं ते बहुधा खरं असतं, पण पुरेसं नसतं. मावशीच्या त्या वाक्यावर मी असाच रिपोर्ट करायचं ठरवलं. पुरता महिना लागला. आमच्या भागात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारे मोजकेच आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या ऑर्केस्ट्रात बेसवाला नाहीच त्यांच्यासाठीही, सगळं सांगतो.

कार्यक्रम १४ एप्रिलच्या आठवड्यातला, भीमगीतांचा. गायिका ताई, एक गायक, कीबोर्डवाले दादा, ढोलकी, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), कोरसला एक मुलगा आणि मी, असे सात जण. दादा या ऑर्केस्ट्रात वीस वर्षांपासून आहेत. मी तिसऱ्याच कार्यक्रमाला होतो. मला घेतलं ते ताईंच्या आग्रहानं. एका लग्नात मी ढोलकीवाल्यासोबत केरव्यावर फंक वाजवलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं.

फंक का, हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फंक म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ठेक्यावर चालणारं संगीत. त्यात पहिल्या मात्रेला फार मान आहे. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना तेच सांगायचा: पहिली मात्रा पकडा, मग मधे काय हवं ते करा. आपल्याकडं सम म्हणतात ती हीच, असं मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच वाटलं. ढोलकीवाला समेवर येताना अंगात जे होतं, तेच त्याच्या बँडमधल्या बूट्सी कॉलिन्सचा बेस ऐकताना होतं. आणि दुसरी गोष्ट, बेस अंगठ्यानं ठोकून आणि बोटानं ओढून वाजवायची पद्धत ज्याच्या नावावर आहे, तो लॅरी ग्रॅहॅम अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये वाढला. त्याच ओकलंडमध्ये १९६६ साली काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली, आणि तिच्यावरून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. भीमगीतात फंक घुसवलं तर बाहेरचं काही आणलं असं मला वाटत नाही. दोन्हीकडची माणसं मान ताठ करायला गात होती.

माझा बेस फेंडर कंपनीच्या 'जॅझ बेस' मॉडेलच्या घाटाचा आहे, सेकंडहँड, चार तारांचा, बॅटरीशिवायचा. तुंबडीच्या रंगाची बॉडी आणि शिसवीची फ्रेटपट्टी (फ्रेट म्हणजे तारांखालच्या धातूच्या आडव्या काड्या). उन्हाळ्यात आमच्याकडं हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाजूनं हाताला लागायला लागतात. दर मार्चमध्ये मी ती बारीक कानसीनं घासून घेतो. त्या वाद्यावर माझा फार जीव आहे. त्यामुळं तपासणी करताना त्याला सगळ्यात आधी संशयित धरलं, म्हणजे नंतर मन खात बसणार नाही.

एक योगायोग लिहून ठेवण्यासारखा आहे. हे वाद्य याच तक्रारीतून जन्माला आलं. मोठ्या बँडमध्ये उभ्या डबल बेसचा आवाज बुडून जायचा. म्हणून लिओ फेंडरनं १९५१ साली कॅलिफोर्नियात भरीव लाकडाचा, फ्रेट असलेला, पिकअपवर (तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या चुंबकी गुंडाळीवर) चालणारा प्रिसिजन बेस बाजारात आणला.

पहिली तपासणी : गुंई

पहिल्या गाण्यापासून स्पीकरमधून खालच्या पट्टीत गुंई असा आवाज येत होता. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणजे गुणगुण ५० ची आणि तिच्या पटींची. आता ताईंचा सा म्हणजे हार्मोनियमची काळी चार. बेसवर ती जाड तारेच्या चौथ्या फ्रेटला येते, ५१.९ हर्ट्झ. गुणगुण ५०, माझा सा ५१.९. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ दोन हेलकावे पडतात. सा लावून ठेवला तर तो थरथरतो, तंबोऱ्याची तार उतरल्यासारखा. ताईंनी दोनदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं मी बेसूर आहे. त्यांचा कान खोटं सांगत नव्हता.

मध्यंतरात शोधलं. सगळ्यात आधी गिटारचा आवाज पूर्ण बंद केला. गुणगुण तशीच राहिली. म्हणजे दोष गिटारच्या पुढं आहे. (आवाज बंद केल्यावर ती गेली असती तर पिकअप पाहिले असते. या घाटाच्या बेसमध्ये दोन पिकअप एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात. दोन्ही बटणं पूर्ण उघडी असली की गुणगुण कटते. एक कमी केलं की परत येते.) मग स्टेजमागं गेलो. माझा अ‍ॅम्प मंडपवाल्याच्या जनरेटरवर होता आणि मिक्सर समोरच्या दुकानाच्या मीटरवरून घेतलेल्या लाइनवर. दोन लाइन, दोन अर्थिंग, आणि त्यांना जोडणारी माझ्या वायरीची जाळी. त्या जाळीतून करंट फिरत होता. साऊंडवाल्याला विनंती केली, त्यानं मिक्सर आणि स्टेज एकाच बोर्डावर घेतलं. गुणगुण गेली.

इथं थांबून सगळ्या पोरांना हात जोडून सांगतो. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी, जाड पिन काढू नका. ती काढली की आवाज जातो हे खरं, पण मग फॉल्ट करंटला जायला वाट म्हणून तुमचं शरीर उरतं. एका हातात तारा आणि ओठ माइकला, असं असताना अर्थिंग तोडायचं नसतं. गिटार मिक्सरला जोडायची डबी असते, डीआय बॉक्स, तिच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते ऑडिओच्या वायरीची जाळी तोडतं, विजेचं अर्थिंग तोडत नाही. ते वापरा.

दुसऱ्या अर्ध्यात बेसूरपणा गेला. मला वाटलं सुटलं. पण मावशीची तक्रार दुसऱ्या अर्ध्यानंतरची आहे.

दुसरी तपासणी : डबे

आमच्याकडं 'बेस' म्हटलं की लोकांना गिटार आठवत नाही, डीजेचे मोठे डबे आठवतात. 'बेस-टॉप किती लावले' हाच पहिला प्रश्न. त्या डब्यांचे दोन दोन असे दोन थर स्टेजच्या डाव्या-उजव्या टोकाला जमिनीवर होते, मधे साधारण चाळीस फूट. टेम्पोत भरायच्या आधी मी मोजपट्टी काढली. मावशीच्या खुर्चीपासून डावे डबे ८ मीटरवर, उजवे ११.४ वर. फरक ३.४ मीटर. एप्रिलच्या त्या गरम हवेत ५२ हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ६.८ मीटर होते. म्हणजे मावशीपाशी पोचताना एका बाजूची लाट वर असेल तेव्हा दुसरीची खाली, आणि दोघी एकमेकींना खातात. बरोबर मध्यभागी बसणाऱ्याला मात्र दोन्ही एकदम मिळतात, तिथं छाती हलते. बायकांची बसायची जागा बहुतेक मैदानांत एका बाजूला असते. जो बेस पुरुषांना पोटात लागतो तो त्यांना वर्षानुवर्षं अर्धाच मिळत आला असणार, या विचारानं मला त्या रात्री झोप आली नाही.

उपाय माहितीतला आहे: सगळे डबे स्टेजसमोर मध्यभागी एकत्र ठेवायचे, म्हणजे आवाज एकाच ठिकाणाहून निघतो आणि भांडण मिटतं. पण तिथं मान्यवरांचे सोफे असतात आणि सोफ्यांपुढं लहान मुलं बसतात.

मी इथंच रिपोर्ट संपवला असता. पण ढोलकीवाल्याचा भाऊ नेमका मध्यभागी बसला होता. त्याला विचारलं. म्हणाला, "बेस लई होता की. पर गिटार कुठली? मला वाटलं दादाच वाजवायलेत."

तिसरी तपासणी : डावा हात

त्या वाक्यानंतर मी दोन दिवस दादांशी बोललो नाही. बोलायला धजलो नाही, असंच म्हणायला हवं.

आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्राचं गणित असं आहे. मंडळ ठरावीक रक्कम देतं, तिचे वाटे होतात. माणूस वाढला की वाटा घटतो. त्यामुळं बेसवाला कधी ठेवलाच जात नाही. कीबोर्डवाला उजव्या हातानं सुरावट आणि भरणा वाजवतो, आणि डाव्या हातानं खालच्या दोन सप्तकांत बेस. कीबोर्डवर त्यासाठी पट्टी दुभागून डावीकडं बेसचा टोन लावून ठेवलेला असतो. दादांचा डावा हात वीस वर्षं हेच करत आलाय. तो हात आहे म्हणून सहा जणांत ऑर्केस्ट्रा भागत आला. मी आल्यावरही तो थांबला नाही, थांबायचं कोणी सांगितलंही नाही. म्हणजे स्टेजवर दोन बेस होते, एकाच सप्तकात, एकाच स्वरावर.

दोन बेस एकत्र वाजले तर दुप्पट व्हायला हवेत असं वाटतं. तसं होत नाही, त्याची कारणं मी कागदावर काढली. कीबोर्डचा स्वर हलत नाही. माझी तार पोलादाची. संध्याकाळी साडेपाचला चाळीसच्या वर तापमानात लावलेली तार रात्री नऊला हवा उतरली की आकसते आणि चढते. दहा सेंट चढली, म्हणजे एका श्रुतीपेक्षाही कमी, तरी ५२ हर्ट्झला साधारण सव्वातीन सेकंदांनी एक हेलकावा पडतो. संथ गाण्यात लांब स्वर धरला की आवाज भरून येतो, पोकळ होतो, पुन्हा भरतो. शिवाय दादा काळी चारसाठी ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी एकदम सरकवणारं, बटण दाबतात आणि बोटं नेहमीच्या पट्टीतच ठेवतात. त्यामुळं त्यांच्या डाव्या हाताची वळणं त्या नेहमीच्या पट्टीची असतात आणि माझी फ्रेटवरच्या सोयीची. दोघंही बरोबर. पण समेला जाण्याच्या वाटा वेगळ्या.

आणि सगळ्यात मोठं: फंकमध्ये न वाजवलेली जागा वाजवलेल्या स्वराइतकीच मोलाची असते. समेवर एक ठोस स्वर, मग हात तारेवर ठेवून ती बंद करायची, मधे नुसते मुके ठोके, आणि ढोलकीची धुम बोलायला जागा सोडायची. मी जिथं जिथं गप्प बसत होतो, तिथं दादांचा डावा हात बोलत होता. माझी शांतता कोणाच्या कानापर्यंत पोचलीच नाही. मग बेसवाला आहे हे कळणार कशावरून?

दादांना हे सांगायचं कसं? वयानं मोठे, कलेनं मोठे. मी आकडे घेऊन गेलो असतो तर ते ऐकून घेतले असते आणि मनातून तुटले असते. म्हणून छावणीतल्या विहारामागच्या खोलीत तालीम होती त्या दिवशी एवढंच म्हटलं, "दादा, बेस लोकांना ऐकू येत नाही म्हणायलेत. एक चाचणी घेऊ का?"

विहारात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं येतात. त्यातल्या तिघांना खोलीच्या मागच्या भिंतीकडं तोंड करून बसवलं. एकच कडवं तीनदा वाजवलं: एकदा फक्त दादांचा डावा हात, एकदा फक्त माझी गिटार, एकदा दोन्ही. कोणतं कधी ते त्यांना सांगितलं नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवण्याचा मोह टाळला, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ बाहेर पडतच नाही, त्यावरून न्याय होत नाही.

एक मुलगा म्हणाला पहिलं छान, दोघं म्हणाले दुसरं. पहिलं दादांचं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण एकटा डावा हात कमी नव्हता. तिसऱ्याबद्दल मात्र तिघांचं एकमत झालं. एकानं वळून सांगितलं, "तिसऱ्या टायमाला कुणीतरी दोघं भांडायलेत."

दादा काही बोलले नाहीत. कीबोर्ड बंद केला. चहा झाला. मग म्हणाले, "वीस वर्षं ह्याच हातानं दोन माणसाचं काम केलं. आता ह्याला काय सांगू, बस म्हणून?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी त्यांना लॅरी ग्रॅहॅमची गोष्ट सांगितली. तो आईबरोबर वाजवायचा. आई पियानो वाजवून गायची, हा गिटार वाजवता वाजवता पायानं ऑर्गनच्या पट्ट्या दाबून बेस द्यायचा. ऑर्गन बिघडला, म्हणून त्यानं तेवढ्यापुरता बेस भाड्यानं आणला. पुढं ड्रमरही राहिला नाही, तेव्हा ड्रमची जागा भरायला अंगठ्यानं तार ठोकायला लागला. ती ठोकणी पुढं जगभर गेली. दादा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे त्याच्यापण घरात माणसं कमी होती."

दुसऱ्या दिवशी तालमीला ते माझ्याआधी येऊन बसले होते. कीबोर्डातल्या शेकडो टोनांपैकी क्लॅव्हिनेटचा टोन त्यांनी शोधून काढला होता. वीस वर्षांत कधी लावला नव्हता. मी क्लॅव्हिनेटचं नाव कधीतरी घेतलं होतं. जर्मनीच्या होनर कंपनीचं ते वाद्य, पट्टी दाबली की आत तारेवर आघात होतो, आणि सत्तरीच्या दशकातल्या फंकमध्ये त्याचा तुटक, टोचरा आवाज सगळीकडं आहे. दादांनी डावा हात दीड सप्तक वर नेला आणि मात्रांच्या मधल्या जागांवर छोटे छोटे ठोके द्यायला सुरुवात केली. ढोलकीवाल्याचं डोकं आपोआप हलायला लागलं. दादांचा हात बसला नाही. त्याला दुसरं काम मिळालं, आणि ते त्यांनी स्वतः शोधलं.

मग उरलेल्या गोष्टी भराभर झाल्या. माझ्या बेसवर २०० ते २५० हर्ट्झच्या आसपासचा गाळ कमी केला आणि ७०० च्या आसपास थोडं वाढवलं. खालचा मूळ स्वर पोचला नाही तरी त्याचे वरचे पट पोचतात, १०४, १५६, २०८, आणि त्यावरून कान खालचा स्वर आपणच भरून घेतो. ऑक्टोपॅडवाल्यानं किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमच्या धडक ठोक्याचा, टोन आखूड केला. मी दर दोन गाण्यांनंतर ट्यूनर पाहायचा, निवेदक तेवढा वेळ बोलणार, असं ठरलं.

बुद्धपौर्णिमेला जालन्यात कार्यक्रम झाला. रात्री दहाला बंद करायचं होतं, त्यामुळं घाईतच सुरू केलं. एकच बोर्ड, गुणगुण नाही. दुसऱ्या गाण्यात ताई समेवर आल्या आणि मी, ढोलकी आणि दादांचा डावा हात तिघंही एकाच क्षणी थांबलो. अर्ध्या मात्रेची ती शांतता मैदानाच्या टोकापर्यंत गेली. पुढच्या रांगेतली पोरं त्या थांबण्यावर ओरडली. वाजवण्यावर दाद मला पूर्वी मिळाली आहे, थांबण्यावर पहिल्यांदाच मिळाली. स्टेजवर माझे डोळे भरून आले.

मावशी सेलूहून रेल्वेनं आली होती आणि पुन्हा बायकांच्या बाजूलाच बसली. कार्यक्रमानंतर मी आधी तिच्याकडं गेलो. म्हणाली, "आता ऐकू आलास. प्रत्येक बोट ऐकू आलं. पर ते मधे बसलेले लोक म्हणतात तसं पोटात नाही लागलं बघ."

तिचं म्हणणं बरोबर आहे. डबे अजून दोन टोकांनाच होते. वरचे पट पोचले, खालची लाट नाही. वाट्याचंही अजून ठरलेलं नाही. सहा वाट्यांत सात माणसं चार कार्यक्रम भागली, पण हे असंच चालणार नाही, आणि तो प्रश्न मी मांडला नाही तर दादाच मांडतील.

गणपतीत नांदेडला बोलावणं आहे. मंडळाच्या पोरांना मी मैदानाचा नकाशा काढून पाठवलाय: डबे मधोमध, सोफे दहा फूट मागं, लहान मुलं दोन्ही बाजूंना सतरंजीवर. साऊंडवाला तयार आहे. सोफ्यांचं काय ते मंडळ परवाच्या बैठकीत ठरवणार आहे, आणि त्या बैठकीला दादा स्वतः येतो म्हणालेत.